पाच दिवसांची गोळी वर्षभर चालते, कारण चिठ्ठीवर शेवटची तारीख नसते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दारू सोडून जेमतेम चार महिने झालेला माणूस कंबरदुखी घेऊन दवाखान्यात येतो. तपासणी दोन मिनिटांत उरकते आणि चिठ्ठीवर तीन औषधे पडतात: ट्रामाडॉल-पॅरासिटामॉलची गोळी दिवसातून तीनदा, रात्री झोप यावी म्हणून अल्प्राझोलाम आणि नस दबली असेल या अंदाजाने प्रीगाबालिन. तिन्ही औषधांची सवय लागते. तिन्ही एकत्र पोटात गेली तर श्वास मंदावतो आणि त्यावर दारू पडली तर तो थांबूही शकतो. याआधी काही व्यसन होते का, हा प्रश्न मात्र केसपेपरवर कुठेच विचारलेला नसतो. व्यसनमुक्ती केंद्रात येणाऱ्यांच्या पिशव्यांतून अशा चिठ्ठ्या सतत निघतात. गर्द आणि एमडीच्या बातम्या पहिल्या पानावर येतात, ते योग्यच आहे. पण नोंदणीकृत डॉक्टरच्या सहीने लागणाऱ्या व्यसनाबद्दल फारसे लिहिले जात नाही, म्हणून हे पत्र.

डायक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल आणि ट्रामाडॉल एकाच चिठ्ठीवर एकाखाली एक लिहिली जातात, म्हणून रुग्णाला ती एकाच जातीची वाटतात. अनेक डॉक्टरांच्या मनातही तसेच बसले आहे. पोटात जळजळ नको, किडनीला धक्का नको, म्हणून डायक्लोफेनॅकऐवजी ट्रामाडॉल ‘सेफ’ असा तो हिशेब. वयस्कर किंवा किडनी कमकुवत असलेल्या रुग्णापुरता, तोही थोडे दिवस आणि कमी डोसात, तो काही अंशी बरोबर आहे. पण ट्रामाडॉल आणि टॅपेंटाडॉल ही अफूच्या कुळातल्यासारखीच काम करणारी औषधे आहेत. अफू, मॉर्फिन आणि गर्द मेंदूतल्या ज्या म्यू रिसेप्टरवर बसतात, त्याच जागी हीसुद्धा बसतात. ट्रामाडॉलचे यकृतात एका एन्झाइममुळे जे रूप तयार होते, ते मूळ औषधापेक्षा त्या जागी कितीतरी घट्ट बसते. हे एन्झाइम काहींच्या शरीरात फार वेगाने चालते, काहींच्यात अगदी मंद. म्हणून एकाच गोळीने एकाचे दुखणेही थांबत नाही आणि दुसऱ्याला पहिल्याच दिवशी अंगात तरतरी येते, मन हलके होते, कामाचा उत्साह वाटतो. ज्याला आधी दारूचे, गर्दचे किंवा इंजेक्शनचे व्यसन होते, त्याच्या मेंदूला ही तरतरी ओळखीची असते. टॅपेंटाडॉलला तर असल्या रूपांतराचीही गरज नाही, ते थेट काम करते.

ही औषधे किती जोरदार आहेत ते मॉर्फिनशी ताडून पाहता येते. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य यंत्रणेने २०२२ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शिकेत ट्रामाडॉलचा गुणक ०.२ आणि टॅपेंटाडॉलचा ०.४ धरला आहे. त्या हिशेबाने दिवसाला ४०० मिलिग्रॅम ट्रामाडॉल, म्हणजे प्रौढांसाठीची कमाल मात्रा, तोंडाने घेतलेल्या ८० मिलिग्रॅम मॉर्फिनच्या जवळ जाते. टॅपेंटाडॉल १०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा दिले तर ते १२० मिलिग्रॅम मॉर्फिन झाले. दिवसाला ५० मिलिग्रॅम मॉर्फिनइतक्या मात्रेच्या वर जाण्याआधी थांबून पुन्हा विचार करा, असे तीच मार्गदर्शिका सांगते. कॅन्सरच्या रुग्णाला १० मिलिग्रॅम मॉर्फिन लिहिताना ज्यांचा हात थरथरतो, तेच डॉक्टर गुडघेदुखीला टॅपेंटाडॉल १०० तीन वेळा सहज लिहून देतात, हे आम्हाला सर्वात जास्त खटकते.

ट्रामाडॉलमध्ये आणखी एक धोका आहे तो फिट्सचा. ते सेरोटोनिन आणि नॉरएपिनेफ्रिन या रसायनांवरही परिणाम करते. मात्रा ४०० मिलिग्रॅमच्या वर गेली की झटके येण्याचा धोका वाढतो आणि व्यसनाच्या रुग्णात तो त्याआधीच वाढलेला असतो. दारू अचानक बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्याच दिवसांत अंग दुखते म्हणून ट्रामाडॉल दिले तर आगीत तेल. अशा रुग्णांना मानसोपचारतज्ज्ञाने फ्लुऑक्सेटीन, पॅरोक्सेटीन किंवा एस्सिटालोप्राम सुरू केलेले असते, कुणाला सिगारेट सोडण्यासाठी ब्युप्रोपिऑन चालू असते. या गोळ्यांबरोबर ट्रामाडॉल दिल्याने झटके येतात, किंवा ताप, थरथर, घाम, गोंधळलेपण अशी सेरोटोनिन वाढल्याची गंभीर लक्षणे दिसतात. आधीच्या डॉक्टरची फाइल मागितली तर हे एका मिनिटात कळते.

पॅरासिटामॉल मिसळलेल्या गोळीचा हिशेब वेगळाच. नेहमीच्या गोळीत ट्रामाडॉल ३७.५ आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असते. दिवसाला आठ गोळ्या ही कमाल मर्यादा. सवय लागलेला माणूस वीस गोळ्यांवर गेला की ट्रामाडॉल ७५० मिलिग्रॅम होते आणि सोबत साडेसहा ग्रॅम पॅरासिटामॉल रोज यकृतावर आदळते. दारूने आधीच खराब झालेल्या यकृताला दोन ग्रॅमसुद्धा जपून द्यावे लागतात. घरचे सांगतात, ‘डॉक्टर, दारू तर सुटली, आता फक्त अंगदुखीच्या गोळ्या घेतो.’ आणि रक्ताच्या तपासणीत यकृताचे आकडे चढलेले असतात.

खरी चूक पहिल्या चिठ्ठीत असते तशीच ती तिसऱ्या-चौथ्या भेटीतही होते. ती भेट नीट पाहायला हवी. रुग्ण सकाळी येतो. कंबर पुन्हा दुखतेय, पाय ओढतायत, पोटऱ्या वळतायत, रात्रभर झोप नाही, गोळी घेतल्याशिवाय कामावर जाता येत नाही, असे सांगतो. डॉक्टरला वाटते दुखणे वाढले, म्हणून ५० चे १०० होतात, साध्या गोळीच्या जागी एसआर, म्हणजे हळूहळू विरघळणारी गोळी येते. पण त्याच्याकडे जरा निरखून पाहिले तर तो सारखा जांभया देत असतो. नाक वाहत असते, डोळ्यांत पाणी असते, हातावर काटा उभा असतो, कपाळावर घाम असतो, बाहुल्या उजेडातही मोठ्या दिसतात. विचारले तर पोटात मुरडा येतो, दोनदा जुलाब झाले, असेही कळते. हे औषध उतरल्याचे दुखणे आहे. गर्दच्या व्यसनात याला ‘टर्की लागणे’ म्हणतात, तीच ही टर्की, फक्त मेडिकलमधून आलेली. शेवटच्या गोळीनंतर आठ-बारा तासांत ती सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखराला जाते आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत ओसरते. ट्रामाडॉलच्या बाबतीत काही रुग्णांना यापलीकडेही त्रास होतो: जीव घाबराघुबरा होणे, अंगात करंट मारल्यासारखे वाटणे, भास होणे.

दोन दुखण्यांतला फरक ओळखायची साधी रीत आहे. मणक्याचे दुखणे वाकल्याने, वजन उचलल्याने, बसल्याने वाढते; ते घड्याळ पाहून येत नाही. औषध उतरल्याचे दुखणे गोळीच्या वेळेवर येते, साऱ्या अंगात असते आणि गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासात जांभया आणि नाक वाहण्यासकट नाहीसे होते. शंका असेल तर ‘काउज’ ही अकरा मुद्द्यांची मोजपट्टी आहे. नाडी, घाम, बाहुल्या, जांभया, काटा असे एकेक पाहून गुण द्यायचे, पाच मिनिटे लागतात. ५ ते १२ गुण म्हणजे सौम्य त्रास, १३ ते २४ मध्यम, त्यापुढे तीव्र. कोणत्याही खुर्चीत बसून हे करता येते, मशीन लागत नाही. शिवाय ही औषधे महिनोन्‌महिने चालू राहिली तर काही जणांत वेदना जाणवण्याची तीव्रताच वाढते. मग मात्रा वाढवू तसे दुखणे वाढत जाते, आणि डॉक्टर व रुग्ण दोघेही त्या चक्रात अडकतात.

लघवीच्या तपासणीबद्दल एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. बाजारात मिळणारी साधी ‘ओपिएट’ पट्टी मॉर्फिन, कोडीन आणि गर्द पकडते. ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, फेंटानिल आणि बुप्रेनॉर्फिन त्या पट्टीवर दिसत नाहीत. त्यांच्यासाठी वेगळी पट्टी मागवावी लागते. पट्टी निगेटिव्ह आली म्हणून ‘तुमचा मुलगा स्वच्छ आहे’ असे घरच्यांना सांगितले जाते आणि त्या निर्धास्तपणात आणखी सहा महिने जातात.

पहिल्याच भेटीत काय विचारायचे? फार नाही. ‘दारू, तंबाखू, गांजा, गर्द, इंजेक्शन, खोकल्याचे औषध, झोपेच्या गोळ्या, यांपैकी कशाची कधी सवय होती का? घरात कुणाला होती का? आत्ता कोणत्या डॉक्टरचे काय चालू आहे? मागच्या महिन्यात दुखण्याची किंवा झोपेची गोळी कुठून कुठून घेतली?’ हे सरळ, आवाज न चढवता विचारले तर बहुतेक जण खरे सांगतात. ‘व्यसनी आहेस का?’ असे विचारले तर कुणीच हो म्हणत नाही. उत्तर ‘हो’ आले म्हणून दुखण्यावर उपचार नाकारायचा नाही. फक्त ट्रामाडॉल हा पहिला पर्याय राहत नाही. पॅरासिटामॉल मोजून, चालत असेल तर दाहशामक औषध थोडे दिवस, शेक, फिजिओथेरपी, सांध्यात किंवा नसेजवळ इंजेक्शन, नसेच्या दुखण्याला ड्युलोक्सेटीन किंवा नॉरट्रिप्टिलीन, असा क्रम लावता येतो. प्रीगाबालिनही विचार करून द्यावे, कारण त्याचाही नशेसाठी वापर होतो आणि ओपिऑइडबरोबर, म्हणजे ट्रामाडॉल-मॉर्फिनसारख्या अफूच्या धर्तीच्या औषधांबरोबर, ते श्वास दाबते.

ओपिऑइड देणे भागच असेल, समजा हाड मोडले आहे किंवा ऑपरेशन झाले आहे, तर दिवस मोजून द्यावे. तीव्र दुखण्याला बहुतेक वेळा तीन दिवस पुरतात आणि सातपेक्षा जास्त क्वचितच लागतात. दिवसाला तीन गोळ्या, तीन दिवस, म्हणजे नऊ. एक स्ट्रिप झाली. डिस्चार्ज कार्डवर मात्र सर्रास ‘दिवसातून तीनदा, पंधरा दिवस, नंतर दुखल्यास’ असे लिहिलेले असते. हे ‘दुखल्यास’ व्यसनाच्या रुग्णासाठी सर्वात घातक आहे, कारण त्याला कधीच शेवट नसतो. गोळ्या घरातल्या दुसऱ्या माणसाच्या ताब्यात द्याव्यात, रोजचा डोस त्याने काढून द्यावा आणि चौथ्या दिवशी रुग्णाला परत बोलवावे. सोबत अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम देऊ नये. अमेरिकेच्या औषध नियामकाने ऑगस्ट २०१६ मध्ये ओपिऑइड आणि या गोळ्यांच्या जोडीबद्दल सर्वात कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला, तो श्वास थांबून झालेल्या मृत्यूंमुळेच.

आता चिठ्ठीच्या कायद्याकडे. कायदा आहे, आणि तो बराच स्पष्ट आहे. औषध नियमावलीतील नियम ६५ प्रमाणे चिठ्ठीवर डॉक्टरची सही, तारीख, रुग्णाचे नाव-पत्ता, मात्रा आणि एकूण किती औषध द्यायचे ते हवे. पुन्हा देण्याची परवानगी डॉक्टरने त्यावर लिहिलेली नसेल तर ती चिठ्ठी एकदाच चालते. औषध दिल्यावर दुकानदाराने डॉक्टरच्या सहीच्या वरच्या बाजूला आपले नाव, पत्ता आणि दिल्याची तारीख टाकायची असते. कडक नोंद ठेवायच्या औषधांची यादी, म्हणजे शेड्यूल एच-१, मार्च २०१४ पासून लागू आहे. त्यातल्या ट्रामाडॉल, अल्प्राझोलाम, कोडीन, पेंटाझोसिन, बुप्रेनॉर्फिन अशा औषधांसाठी वेगळे रजिस्टर ठेवून डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या लिहायची, आणि ते तीन वर्षे जपायचे. २६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेने ट्रामाडॉल एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखालीही आले: ५ ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण, २५० ग्रॅम व्यापारी प्रमाण.

प्रत्यक्षात शिक्का कोण मारतो? दुकानदाराने चिठ्ठीवर तारीख टाकली असती तर तीच चिठ्ठी घेऊन माणूस एका संध्याकाळी चार मेडिकलमध्ये फिरू शकला नसता. चिठ्ठीचा फोटो मोबाइलवर दाखवून गोळ्या मिळतात, आणि फोटोवर शिक्का मारता येत नाही. डॉक्टर संख्या लिहीत नाही, ‘३ × १५’ च्या पुढे पेनाने एक शून्य वाढवले की काम झाले. म्हणून संख्या अक्षरी लिहावी, ‘नऊ गोळ्या फक्त’, आणि खाली ‘पुन्हा देऊ नये’. परवाना असलेल्या फार्मासिस्टला हे दोन शब्द फार आधार देतात. समोरचा माणूस हुज्जत घालू लागला की त्याला बोट ठेवून दाखवायला काहीतरी असते. फार्मासिस्टने शंका आली तर चिठ्ठीवरच्या नंबरवर फोन करावा, आणि डॉक्टरने तो फोन घ्यावा. ‘मी लिहिलेय ना, देऊन टाका’ असे खेकसल्यावर तो पुन्हा कधी फोन करत नाही.

कायद्याच्या फटीही आहेत. एनडीपीएस नियम ६६ नुसार मनावर परिणाम करणाऱ्या (सायकोट्रॉपिक) पदार्थांच्या यादीतले औषध स्वतःच्या उपचारासाठी एका वेळी १०० डोसपर्यंत बाळगता येते आणि दीर्घ उपचारासाठी डॉक्टरने तसे खास लिहिले तर ३०० पर्यंत. फेफऱ्याच्या रुग्णासाठी ही सोय हवीच. पण जेमतेम चार महिन्यांपूर्वी दारू सोडलेल्या माणसाच्या हातात शंभर ट्रामाडॉल देणे कायद्यात बसते म्हणून वैद्यकीयदृष्ट्या बरोबर ठरत नाही. दुसरी फट टेलिमेडिसिनची. मार्च २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शेड्यूल एक्स या आणखी कडक यादीतली आणि एनडीपीएसखालची औषधे फोनवरून किंवा व्हिडिओवरून लिहिताच येत नाहीत. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर ट्रामाडॉलची चिठ्ठी पाठवणारा डॉक्टर नियम मोडतो आहे, हे त्याला बहुधा माहीतही नसते. पण २०१८ मध्ये ट्रामाडॉल एनडीपीएसच्या यादीत गेले तेव्हा टॅपेंटाडॉल बाहेर राहिले. रुग्णही तिकडे वळले आणि चिठ्ठ्याही वळल्या.

हे याआधीही घडले आहे. २०१३ मध्ये डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफीन हे दुखण्याचे औषध बंद झाले तेव्हा त्याची जागा ट्रामाडॉलने घेतली. एक गोळी बंद केली की दुसरी येते, कारण लिहिणारा हात बदलत नाही. याच टॅपेंटाडॉलची कॅरिसोप्रोडॉल या स्नायू सैल करणाऱ्या औषधाबरोबरची गोळी मुंबईतल्या एका कंपनीकडून पश्चिम आफ्रिकेत जात होती आणि नायजेरिया, घाना, आयव्हरी कोस्टमध्ये नशेसाठी विकली जात होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते उघड झाल्यावर केंद्रीय औषध नियंत्रकांनी या जोडीच्या उत्पादन व निर्यातीच्या परवानग्या मागे घेतल्या. आफ्रिकेतल्या तरुणांसाठी जे घातक ठरले ते इथल्या तरुणांसाठीही घातकच आहे.

इतके वाचून काही डॉक्टर उद्यापासून असे रुग्ण दारातूनच परत पाठवतील, अशी आम्हाला भीती आहे. ती दुसरी, आणि तितकीच मोठी, बेजबाबदारी ठरेल. आठ महिने गोळी चालू ठेवून एके दिवशी ‘आता बंद, माझ्याकडे येऊ नका’ म्हटले तर दुसऱ्या दिवशी टर्की सुरू होते आणि तिसऱ्या दिवशी माणूस मिळेल ते घेतो: खोकल्याचे औषध, गर्द किंवा सुई. अमेरिकेत चिठ्ठ्या अचानक आखडल्यावर हेच झाले, आणि एप्रिल २०१९ मध्ये तिथल्या नियामकाला ‘अचानक बंद करू नका’ असा वेगळा इशारा काढावा लागला. फक्त शरीराची सवय झाली आहे, पण तलफ नाही, गोळ्या चोरणे नाही, मात्रा स्वतःहून वाढवणे नाही, अशा रुग्णात मात्रा हळूहळू कमी करता येते. वर्षभर घेतली असेल तर महिन्याला साधारण दहा टक्के, मध्ये अडखळला तर तिथेच थांबून पुन्हा पुढे. एकाच डॉक्टरने, एकाच दुकानातून, आठवड्याच्या आठवड्याला गोळ्या देऊन हे करायचे.

तलफ असेल तर नुसते कमी करून भागत नाही. तिथे बुप्रेनॉर्फिन हे तलफ आणि टर्की आवरणारे औषध लागते, आणि ते व्यसनावर उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या देखरेखीखाली. शेवटच्या साध्या गोळीला किमान बारा तास होऊ द्यायचे, एसआर असेल तर चोवीस. काउजचा आकडा ८ ते १२ च्या वर गेला की मगच २ मिलिग्रॅम जिभेखाली. तासा-दोन तासांनी पाहून पुन्हा २. पहिल्या दिवशी बहुतेकांचे ८ मिलिग्रॅमच्या आत भागते. घाई केली, अंगात ट्रामाडॉल असतानाच गोळी ठेवली, तर बुप्रेनॉर्फिन आधीच्या औषधाला जागेवरून ढकलते आणि अर्ध्या तासात जबरदस्त टर्की येते. रुग्ण म्हणतो, ‘या औषधाने मी मेलो असतो’, आणि पुन्हा कधी फिरकत नाही. नॅलट्रेक्सोन हे ओपिऑइडचा परिणाम रोखणारे औषध तर सात ते दहा दिवस पूर्ण कोरडे गेल्याशिवाय देऊच नये. दुखते म्हणून अशा रुग्णाला पेंटाझोसिन किंवा ब्युटोर्फेनॉलचे इंजेक्शन दिले तरी हेच होते. शिवाय पेंटाझोसिन वारंवार टोचल्याने दंड-मांड्यांचे स्नायू लाकडासारखे कडक होतात आणि न भरणाऱ्या जखमा होतात.

बुप्रेनॉर्फिनचीही बेफिकीर चिठ्ठी असू शकते. नव्या रुग्णाला पंधरा दिवसांच्या गोळ्या हातात दिल्या तर त्यातल्या काही विकल्या जातात, काही विरघळवून टोचल्या जातात. म्हणून सुरुवातीला रोज समोर, मग दोन-तीन दिवसांच्या, स्थिर झाल्यावर आठवड्याच्या. घरी न्यायच्या गोळीत नॅलॉक्सोन, म्हणजे ओपिऑइडचा परिणाम उतरवणारे औषध, मिसळलेले असलेले बरे. पण ‘एक नशा सोडून दुसरी लावली’ म्हणून घरच्यांनी महिनाभरात ही गोळी बंद करायला लावू नये. व्यसन सुटलेल्या काळात शरीराची सहनशक्ती कमी झालेली असते. त्यानंतर जुन्याच मात्रेने पुन्हा घेतले तर ती जीवघेणी ठरते.

ज्याला व्यसन आहे त्यालाही मुतखडा होतो, हात मोडतो, कॅन्सर होतो. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार भागात सिकलसेलचे रुग्ण आहेत, त्यांच्या झटक्याच्या वेदना इतक्या असतात की ओपिऑइड द्यावेच लागते. अशा रुग्णाला ‘नशेसाठी नाटक करतो’ म्हणून बाकावर ताटकळत ठेवणे अमानुष आहे. बुप्रेनॉर्फिन चालू असलेल्या माणसाचे ऑपरेशन ठरले तर ते बंद करू नये. तीच रोजची मात्रा सहा ते आठ तासांच्या अंतराने विभागून द्यावी, भूलतज्ज्ञाकडून नस बधिर करून घ्यावी, सोबत पॅरासिटामॉल वगैरे द्यावे. आणि कॅन्सरच्या मॉर्फिनला कुणी हात लावू नये. १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या धाकाने रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले होते. ते पुन्हा मिळावे म्हणून २०१४ मध्ये कायदा बदलावा लागला.

आकड्यांची कल्पना यावी म्हणून एवढेच. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात ओपिऑइड घेणारे सव्वादोन कोटींच्या घरात आढळले. गर्द-हेरॉइन घेणारे लोकसंख्येच्या १.१४ टक्के आणि औषधी गोळ्या-सिरप घेणारे ०.९६ टक्के, म्हणजे जवळपास खांद्याला खांदा. सुमारे ७७ लाख लोकांना उपचाराची गरज होती. १९८० मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले होते: रुग्णालयात दाखल असलेल्या ११,८८२ रुग्णांना ही औषधे दिली, व्यसन फक्त चौघांना लागले. ते दाखल रुग्णांबद्दल होते, घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल नव्हते. पण पुढच्या ३७ वर्षांत ६०० हून अधिक लेखांनी त्याचा हवाला दिला, आणि बहुतेकांनी ‘व्यसन लागत नाही’ याचाच पुरावा म्हणून. औषध कंपनीच्या प्रतिनिधीने टेबलावर ठेवलेल्या रंगीत पानावर ‘सवय लागण्याचा धोका कमी’ असे लिहिलेले दिसले, तर कोणत्या रुग्णांत आणि किती दिवसांसाठी, हे डॉक्टरने विचारलेच पाहिजे.

राज्याच्या आरोग्य विभागाकडे, अन्न व औषध प्रशासनाकडे आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे आमच्या मागण्या साध्या आहेत. एच-१ रजिस्टर वहीतून संगणकावर आणा, म्हणजे एकाच रुग्णाने आठवड्यात पाच दुकानांतून ट्रामाडॉल घेतले हे दिसेल; आज पाच वह्यांत पाच वेगळ्या नोंदी असतात आणि त्या कुणी जोडत नाही. तपासणीला येणाऱ्या निरीक्षकांनी वही आहे का एवढेच न पाहता कोणत्या डॉक्टरच्या नावापुढे सर्वाधिक गोळ्या आहेत तेही पाहावे. टॅपेंटाडॉलला ट्रामाडॉलचेच सगळे नियम लावण्यासाठी राज्याने केंद्राकडे आग्रह धरावा. परवाना नूतनीकरणासाठी डॉक्टरांना पाच वर्षांत ३० क्रेडिट गुण मिळवावे लागतात, त्यातले दोन तरी वेदना आणि व्यसन या विषयावर सक्तीचे असावेत. नॅको या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या ओएसटी (नशेऐवजी औषध देण्याच्या) केंद्रांत बुप्रेनॉर्फिन मोफत मिळते, पण ती केंद्रे मुळात सुईने नशा करणाऱ्यांसाठी काढलेली आहेत. गोळ्यांच्या सवयीत अडकलेला दुकानदार, रिक्षाचालक, गृहिणी तिथे बसत नाहीत. त्यांच्यासाठी प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून निदान दोन दिवस बाह्यरुग्ण विभाग हवा.

ज्यांच्या घरात हे आत्ता चालू आहे त्यांनी गोळ्या रागाने फेकून देऊ नयेत. रिकाम्या स्ट्रिपा, सगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि रोजची खरी संख्या घेऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा सरकारी रुग्णालयाच्या व्यसनमुक्ती विभागात जावे. १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर जवळचे केंद्र विचारता येते. फिट आली, हाक मारून जाग येत नसेल, श्वास घोरल्यासारखा आणि फार संथ चालला असेल, ओठ निळे पडले असतील, तर माणसाला कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा आणि कोणती गोळी किती घेतली ते सांगावे. नॅलॉक्सोनने ट्रामाडॉलचा परिणाम पुरता उतरत नाही, म्हणून शुद्धीवर आला तरी रुग्णालयातच ठेवावा. पोलिसांची भीती वाटते म्हणून अनेक जण उशीर करतात. स्वतःच्या सेवनासाठी अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनाधीन माणूस आपणहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला गेला, तर एनडीपीएस कायद्याचे कलम ६४-ए त्याला खटल्यापासून संरक्षण देते. उपचार अर्ध्यात सोडले तर मात्र हे संरक्षण काढून घेतले जाऊ शकते, तेव्हा तिथे मिळालेले कागद आणि तारखांच्या नोंदी जपून ठेवाव्यात.

आपले,
व्यसनमुक्ती उपचारात काम करणारे काही मानसोपचारतज्ज्ञ आणि फार्मासिस्ट, पुणे